उजवीकडे जाणारी बंदूक

बीचलिक, केंटकी
२० जून १९७१, रविवार

प्रिय एस्टिलमामा,

तुझं पत्र आईने गुरुवारी फॅरिसच्या दुकानातून आणलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा पावसाच्या आधी दुखतो आणि तो दुखला की ती कपडे वाळत घालत नाही, एवढाच त्याचा उपयोग. आपला टिक कुत्रा आता म्हातारा झालाय. जिना चढताना मागचे पाय घसरतात त्याचे, पण खार झाडावर चढली की अजूनही बुंध्याशी बसून भुंकत राहतो आणि आपण पोचेपर्यंत हलत नाही. वांडामामीला आणि मुलांना माझी आठवण सांग.

माझ्या पदवीचा कागद आईने चौकटीत घालून चुलीमागच्या भिंतीवर लावला आहे. वाफेने काच सारखी धुरकट होते. मी म्हटलं, बाहेरच्या खोलीत लाव, तर म्हणाली, "मी दिवसभर जिथे उभी असते तिथेच लावणार. तुझ्यासाठी लावलाय का तो?" सप्टेंबरपासून मी ओढ्याच्या वरच्या अंगाच्या शाळेत शिकवायला जाणार आहे. तू पत्रात 'मास्तरीणबाई' म्हणून चिडवलं आहेस. चिडव, मला ते नाव आवडतं. मी एक ठरवलं आहे, मामा. आपल्याकडच्या मुलांना उत्तरं पाठ करायला लावतात. मी त्यांना आधी विचारायला शिकवणार. ज्याला विचारता येतं त्याला कुणी फसवू शकत नाही असं मला मनापासून वाटतं. तू हसशील. हस.

आता तुझा प्रश्न. आजोबांची बंदूक तुझ्या हातात गोळी उजवीकडे टाकते, आणि आजोबा कुठली काडतुसं वापरायचे, असं तू विचारलं आहेस.

आजोबा साध्या खोक्यातली, सावकाश जाणारी काडतुसं वापरायचे. वेगवान काडतुसांचा आवाज चाबकासारखा फुटतो आणि मग तासभर एक खार हलत नाही, म्हणून ती त्यांना आवडत नसत. पॉइंट बावीसची प्रत्येक बंदूक काडतुसांच्या बाबतीत नखरेल असते. एकीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही, आणि कुठलं मानवतं ते नुसतं बघून कळत नाही. तेव्हा दोन-तीन कंपन्यांची घेऊन बघ. फळीवर खूण कर, बसून, हात टेकवून गोळी झाड. नळी पुसून घे. हे सगळं आजोबांनीच मला शिकवलेलं आहे आणि यातलं एक अक्षरही खोटं नाही.

तू असंही विचारलंस, की 'शिकलेल्या भाचीच्या मते' खारीसाठी सगळ्यात चांगली बंदूक कुठली, हिला टाकून दुसरी घ्यावी का. माझं मत सांगते. सलग बार काढणारीत दुसरी गोळी तयार बसलेली असते, म्हणून माणूस पहिल्या गोळीकडे नीट लक्ष देत नाही. पण वर्षातून दोनच दिवस जंगलात येणाऱ्याला ती बरी. कडीवाली हातात सुरेख बसते, चालताना तर फारच, पण कडी ओढताना कोपर हलतं आणि खार बुंध्याला वळसा घालून पलीकडे जाते. मग तू एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला, दुपारपर्यंत. राहिली आजोबांच्या बंदुकीसारखी, खिटी ओढून एकेक काडतूस भरायची, एकबारी. एक गोळी, एक खार, तीही डोक्यातच. अंगात गोळी बसली तर रस्सा खाताना दाताखाली शिसं येतं आणि जेवणारे मारणाऱ्याला नावं ठेवतात. तिला धीर लागतो. मला स्वतःला तीच आवडते. मी नऊ वर्षांची असताना आजोबांनी पहिल्यांदा हातात दिली ती तीच.

दारावरच्या दोन्ही खुंट्या रिकाम्याच आहेत. आईने मधे तिथे कॅलेंडर अडकवलं होतं, ते मी काढलं. आजोबा गेल्या शरदात इस्पितळात असताना तू डेटनहून आलास, त्यांना अर्धा तास भेटलास आणि परत जाताना बंदूक खुंटीवरून काढून नेलीस. दफनाच्या दिवशी मी ती तुझ्याकडे मागितली, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालास, "मास्तरीण होणार ना तू? तुला खडू पुरे." लोक हसले. मी पुन्हा मागणार नाही असं तेव्हाच ठरवलं. आजही मागत नाही. विचारलंस त्याचं उत्तर दिलं, इतकंच.

तब्येतीला जप.

तुझी भाची,
रोवी


बीचलिक
८ ऑगस्ट १९७१

प्रिय एस्टिलमामा,

तुझं दुसरं पत्र मी दुकानाच्या ओट्यावरच फोडलं आणि दोनदा वाचलं. सगळ्या काडतुसांनी ती उजवीकडेच जाते, अंगठ्याएवढी, दर वेळी. वांडामामीचे भाऊ तुला 'शेपटीमार' म्हणायला लागलेत हे वाचून आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी तिच्याएवढी हसले नाही. पण हसले.

तू लिहितोस, की ओळखीच्या कारागिराकडून नळी वीतभर कापून घेशील, वर भोकं पाडून दुर्बीण बसवशील, आणि तरी सुधारली नाही तर तळघरात दारूच्या कपाटावर शोभेला ठोकशील.

मामा, तसं करू नकोस. माझ्याकडे दुसरा उपाय आहे.

मी पदवीनंतर कचेरीत उन्हाळ्याचं काम केलं, त्यातून एक नवी बंदूक घेतली आहे. बावीसचीच, सलग बार काढणारी, दुर्बिणीसकट, दस्ता काळ्या अक्रोडाचा. आई म्हणाली, "खारी मारायच्यात की अस्वलं?" मी ती झऱ्यापासून कोठाराच्या दारापर्यंत झाडून बघितली आहे; सगळ्या गोळ्या एका डब्याच्या झाकणात बसतात. एक खोड आहे तीही सांगते, म्हणजे पुढे बोल नको: मेणाचं काडतूस तिला चालत नाही, दोन-चार बारांनी अडकते. तांब्याचा मुलामा दिलेलं घाल, मग तक्रार नाही.

शिकारीच्या पहिल्या दिवसासाठी तू येशीलच. येताना आजोबांची घेऊन ये, आहे तशी. न कापता, न ठोकता, नळीच्या टोकावरच्या नेमाच्या माशीला हात न लावता. माझी नवी घे, तीही आहे तशी. फॅरिसच्या ओट्यावर, चार माणसांसमोर, आपल्याकडच्या रीतीने.

रीत तुला मी सांगायला नको. भेकड कुत्र्याची गोष्ट तू दर वर्षी सांगतोस. बंदुकीचा बार झाला की पलंगाखाली शिरणारं कुत्रं तू उपदेशकाच्या भावाला दिलंस आणि त्याच्याकडून शिंगाच्या मुठीचा सुरा घेतलास. तो नंतर भांडायला आला तेव्हा म्हणालास, "तू वासाचं विचारलंस, मी वासाचं सांगितलं. नाक उत्तमच होतं त्याचं." मी लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आले आहे. विचारलं तर खोटं बोलायचं नाही. विचारलं नाही तर सांगायची सक्ती नाही. हात मिळवला की मागे फिरायचं नाही.

म्हणून आधीच लिहून ठेवते. आजोबांच्या बंदुकीबद्दल तुला मला काही विचारायचं असलं, काहीही, तर हात मिळवायच्या आधी विचार. मी खरंच सांगेन. आजोबांची शपथ.

आईने तुझ्यासाठी सफरचंदं आटवून त्यांचं लोणी केलंय. येताना रिकाम्या बरण्या आण, मागच्या वर्षीच्या अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझी भाची,
रोवी


बीचलिक
१० ऑक्टोबर १९७१, रविवार

एस्टिलमामा,

तुझं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं नाही. तिने विचारलं काय लिहितो, मी म्हटलं, चिडलाय. ती म्हणाली, "मग जेवला नसेल," आणि शेंगा निवडत बसली.

तू लिहितोस, की मी तुला फसवलं, बंदुकीला आधी काहीतरी करून ठेवलं, आणि कॉलेजात जाऊन हेच शिकले. ओट्यावर जे झालं तेही वेगळंच लिहिलं आहेस, म्हणून झालं तसं लिहिते.

तू आजोबांची बंदूक गोधडीत गुंडाळून आणलीस. माझी नवी हातात घेऊन दुर्बिणीतून समोरच्या टेकडीवरची गाय बघितलीस आणि खूश झालास. तू विचारलंस, कधी आपटली का. मी सांगितलं, नाही. तू विचारलंस, चाप किती जड आहे. मी म्हटलं, ओढून बघ. काडतुसाच्या खोडीचं पुन्हा विचारलंस, पुन्हा सांगितलं. मग फॅरिस म्हणाला, "एस्टिल, ही पोरगी विचारल्याशिवाय बोलायची नाही, आपल्यातलीच आहे. जुन्या बंदुकीचं काही विचारायचं असेल तर आत्ताच विचार."

तू काय म्हणालास ते तुझ्या पत्रात नाही. तू म्हणालास, "माझ्या बापाची बंदूक, आणि मी हिला विचारू? ही पाळण्यात होती तेव्हापासून चालवतोय मी ती."

आणि हात पुढे केलास. मी तो धरला. माझा हात गार होता, तू म्हणालासही, "घाबरलीस होय, मास्तरीणबाई?" घाबरलेच होते. तू विचारशील म्हणून घाबरले होते. जूनपासून तुझं प्रत्येक पत्र फोडताना मला तीच एक भीती होती, की यात तो प्रश्न असेल, मला उत्तर द्यावं लागेल, आणि बंदूक तुझ्याकडेच राहील. तुझं पत्र मी दोनदा वाचायचे ते त्यासाठी. प्रश्न नाही अशी खात्री झाली की मला जेवण गोड लागायचं. मी अशी आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वरच्या हिकरीच्या झाडाखाली जाऊन बसले. धुकं होतं. वरून खारींनी कुरतडलेल्या टरफलाचे तुकडे पानांवर टपटप पडत होते. परतले तेव्हा तू घराच्या ओट्यावर कॉफी पीत होतास. मी खारी तुझ्या पायाशी मांडल्या. तू एकेक उलटवून अंगठ्याने बघितलीस. सगळ्या डोक्यातच. तू म्हणालास, "नशीब लागतं." दुपारी आईने पांढरा रस्सा केला, त्याबरोबर गरम पाव. तू दोनदा वाढून घेतलास, हाडंसुद्धा चोखलीस. एकदाही दाताखाली शिसं आलं नाही, ते मी बघत होते.

आता तुझा प्रश्न, 'बंदुकीला काय केलंस?'

मी काही केलं नाही. केलं ते आजोबांनी, नऊ वर्षांपूर्वी. तू डेटनला गेलास त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात खाणीत छत कोसळलं आणि त्यांची मान डाव्या खांद्याकडे कलली, ती पुन्हा सरळ झाली नाही. दस्त्यावर गाल टेकता येईना. मग त्यांनी डोकं बंदुकीकडे न्यायचं सोडून बंदूक डोक्याकडे आणली. ती डावीकडे कलती धरायची, वरची बाजू डोळ्याकडे. तशी धरली की गोळी भलतीकडे जाई, म्हणून माशी त्यांनी पितळेच्या खिळ्याने केसाकेसाने ठोकून सरकवली. आख्खा वसंत ते कोठाराच्या दारावर डब्याचं झाकण ठोकून झाडत होते; मी झाकणं बदलत होते. शेवटी ती त्यांना बसली. कलती धरली तर जिथे बघाल तिथे. सरळ धरली तर अंगठ्याएवढी उजवीकडे, दर वेळी.

तू दर वर्षी येत होतास. ते ओट्यावर समोरच बसलेले असायचे. एका उन्हाळ्यात तू आईला विचारलंसही, "बाबा सारखे कान देऊन काय ऐकत असतात?" ती सांगायला तोंड उघडते तोवर तू मोटारीचं झाकण उघडून आत डोकं घातलं होतंस.

तू बंदूक नेलीस त्यानंतर आठवड्याने ते इस्पितळातून घरी आले. तू तिथल्या लोकांना सांगितलं होतंस, की म्हातारा आता जंगलात जायचा नाही. बरोबर होतं ते. पण दारातून येताना त्यांनी वर बघितलं. मान कललेल्या माणसाला वर बघायला सगळं अंग वळवावं लागतं. ते वळले, बघितलं, आणि आईला म्हणाले, चहा टाक.

मी दर शनिवारी बसने घरी यायचे. ते खिडकीशी बसलेले असायचे, टिक पायाशी. हिकरीवरून टरफलं पडायला लागली की झाडूचा दांडा उचलून खांद्याला लावायचे, कलता, आणि खार फांदीवरून जाईपर्यंत तिच्यामागे फिरवायचे. तुझ्यावर रागावले नव्हते. म्हणायचे, "एस्टिलला कळेल ती उजवीकडे जाते. पत्र येईल बघ." मी म्हटलं, मी लिहिते त्याला. तर म्हणाले, "नको. त्याचं त्याला विचारू दे. विचारलं की सगळं सांगेन, मग त्याचीच आहे ती."

आई दुकानातून आली की ते तिच्या हातांकडे बघायचे. डिसेंबरात गेले. तुझं पत्र जूनमध्ये आलं, आणि त्यात काडतुसांचं होतं.

हे मी तुला कधीच लिहिलं नसतं. बंदूक मिळाली, मला पुरे होतं. पण पत्राच्या शेवटी तू लिहितोस, 'माझ्या बापाची वस्तू माझ्यापेक्षा कुणाला जास्त कळणार?' म्हणून आता राहिलेलंही लिहिते.

दफनाच्या दिवसाचं. शहरातल्या अंत्यविधीवाल्याने आजोबांची मान सरळ केली होती. कशी केली ते देव जाणे. त्याला वाटलं असेल घरच्यांना बरं वाटेल. आईने पेटीत बघितलं आणि रुमाल तोंडात धरून ती परसात गेली. फॅरिस टोपी हातात घेऊन उंबऱ्यातच थांबला. नंतर मला म्हणाला, क्षणभर वाटलं भलत्याच घरी आलो. बीचलिकमधलं प्रत्येक माणूस पेटीजवळ येऊन दचकत होतं. टिक वास घेऊन गेला, तोही खात्री करायला परत फिरून आला.

तू आलास. नवा कोट होता. पेटीच्या काठावर हात ठेवून नीट बघितलंस, आणि आईला म्हणालास, "अगदी होते तसेच दिसतायत."

बंदूक मी तुझ्याकडे मागितली ती त्यानंतर. तू खड्याने मारावं तसं खडूचं बोललास, लोक हसले, पण मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच नाही. तोवर माझं ठरून गेलं होतं. ही बंदूक मी तुझ्याकडून घेणार, तुझ्याच रीतीने घेणार, आणि तू स्वतःच्या हाताने ती मला आणून देणार. शाळेत मुलांना मी विचारायला शिकवते ते अजून मनापासून शिकवते. पण तुझ्यापुरतं मी डिसेंबरापासून एकच मागणं मागत होते, की तू विचारू नयेस.

तू अदलाबदल उलटी करायला सांगतोस. हात मिळालेला आहे. तुझ्याकडे आहे ती सरळ धरून सरळ जाणारी बंदूक आहे आणि तुला ती शोभते. आजोबांची खुंट्यांवर आहे. तिची माशी मी सरळ करणार नाही. दर शनिवारी मी ती कलती धरते, माझी मान दुखते, आणि खार पडते.

आई आतून सांगते आहे की नाताळला या म्हणून लिही. लिहिलं. या. दारातून आत येताना वर बघ. काही विचारायचं असलं तर आईला विचार. ती सांगेल, ती माझ्यासारखी नाही. मला विचारायचे दिवस संपले.

आणि बरण्या आण.

होबर्ट आजोबांची नात,
रोवीना